साऱ्या गावाचा भासरा

त्यांच्याशी माझी ओळख झाली ती पाठीकडून, आणि पुढची दोन वर्षं मी त्यांची पाठच जास्त पाहिली.

देवळीच्या पुढे, आडवाटेवरच्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो होतो. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या घरून मोटरसायकलनं रोज जाऊन-येऊन करायचो. पहिल्या दिवशी व्हरांड्यात पाऊल टाकलं, तर केसपेपरच्या खिडकीपुढे पंधरा-वीस बायका आणि खिडकीच्या आत एक गृहस्थ सगळ्यांकडे पाठ करून बसलेले. टेबल पलीकडच्या भिंतीला लावलेलं, तोंड भिंतीकडे, भिंतीवर खत-बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर. मागून एखादी बाई काहीतरी पुटपुटायची, हे मान खाली घालून लिहायचे आणि लिहिलेला कागद खांद्यावरून मागे धरायचे. बाई तो घ्यायची आणि बाकावर जाऊन बसायची. कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. मला वाटलं, माणूस एकतर रुसलेला आहे, नाहीतर सकाळीच घेऊन आलेला आहे.

गावातले पुरुष त्यांना 'बाबूजी' म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. बायका त्यांना काहीच म्हणत नसत. पंचावन्नच्या आसपासचे, उंच, सडपातळ, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. कानावर पेन. पुरुष पेशंट आला की खुर्ची कर्रकन फिरायची आणि बाबूजी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचे, "बोला." बाई आली की खुर्ची पुन्हा भिंतीकडे. पण कधी कधी एखाद्या बाईसाठीही ती फिरायची. "आली का व माय? कधी आली? जवाई बरे हायेत ना?" अशी चौकशी सुरू व्हायची आणि ती बाईही खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकून पाच मिनिटं हसून बोलायची. कुणासाठी फिरायची आणि कुणासाठी नाही, याचा मला महिनाभर पत्ता लागला नाही. मी मनातल्या मनात नको ते तर्कही करून पाहिले, हे कबूल केलेलं बरं.

दुसरा वैताग त्यांच्या लिहिण्याचा. तक्रारीच्या रकान्यात बाकी जगात 'ताप', 'खोकला', 'पोटदुखी' लिहितात. हे लिहायचे, 'पोटात गोळा फिरतो, पण सासू घरी असली तरच.' किंवा 'डोकं दुखतं. कुंकू लावते तिथं नाही, त्याच्या मागं.' किंवा 'झोप येते, झोपू देत नाहीत.' रकान्यात मावलं नाही तर बाण काढून कागदाच्या मागच्या बाजूला. चाळीस पेशंट बाहेर बसलेले असताना मी हे कादंबरीवाचन कधी करायचं?

"बाबूजी, एका शब्दात लिहीत जा हो," मी म्हणालो.

"एका शब्दात दुखत नाई ना, साहेब," ते म्हणाले. आवाज अगदी मवाळ. उद्धटपणा असता तर मला रागावता तरी आलं असतं.

शेवटी मी माझा अधिकार गाजवला. जनतेकडे पाठ करून बसणं सरकारी दवाखान्यात शोभत नाही, असं सांगून त्यांची खुर्ची आणि टेबल खिडकीकडे तोंड करून लावायला लावलं. पुढचे चार दिवस माझं काम लोण्यासारखं झालं. प्रत्येक बाईच्या कागदावर एकच शब्द: 'कमजोरी'. मी शक्तीच्या गोळ्या लिहून देत होतो आणि दुपारी बारालाच मोकळा होत होतो. आपण आल्या आल्या शिस्त लावली, म्हणून माझी मलाच शाबासकी. पाचव्या दिवशी आठ-दहा कागदांवर ओळीनं तोच शब्द पाहिला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या गावातल्या बायकांना एकदम एकच रोग झालेला नव्हता. सोमवारी टेबल परत भिंतीला लागलेलं दिसलं.

त्या दिवशी डब्याच्या वेळी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसलो आणि सरळ विचारलं.

"मी याच गावचा, साहेब," ते म्हणाले. "गावातल्या जेवढ्या सुना हायेत, तेवढ्याइचा मी कोनाचा भासरा, कोनाचा सासरा. त्या माह्या तोंडाकडं पाहून सांगतीन का, कुठी दुखते ते?"

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडच्या घरांत सून भासऱ्यापुढे पदर घेते, त्याच्यापुढे बसत नाही, बोलत नाही. अगदीच अडलं तर मध्ये एखादं लेकरू उभं करते, "भाऊजीले सांग, भाकर वाढली." लेकरू नसलं तर भिंतीकडे पाहून म्हणते. हे मी माझ्या काकूच्या तोंडून लहानपणी शेकडो वेळा ऐकलेलं. पण डॉक्टरकी शिकताना हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, म्हणून ते माहिती असूनही मला माहिती नव्हतं.

"आणि पाठीला सांगतात?"

"पाठ म्हंजे भिंतच झाली ना, साहेब."

"मग काही बायकांसाठी खुर्ची फिरते ती?"

"त्या लेकी. गावात जन्मलेल्या, माहेरी आलेल्या. लेकीकडं पाठ केली तं ते रडन ना?" ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी दोन अधिक दोन किती असं विचारलंय.

"मागे न बघता कळतं कसं, लेक आहे का सून?"

"लेक खिडकीले येऊन चिकटते. सून दोन हात दूर उभी राह्यते. आवाज कुठून येते त्यावरून कळते."

मला वाटलं, एवढं सगळं ज्याला सुचलं त्याच्या मागे काहीतरी दुःखाची कहाणी असणार. बहीण, आई, कुणीतरी न बोलता गेलेलं असणार. मी आवाज हळू करून विचारलं, "बाबूजी, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचते कायचं? त्या खिडकीतून सकाळी ऊन येते. डोळ्यावर येऊन राह्यलं होतं, म्हनून खुर्ची फिरवली. दोन दिवसांत पाह्यलं, बायका बोलून राह्यल्या. मंग नाई फिरवली परत."

ऊन माझ्याही खोलीत येत होतं. मी पडदा लावून घेतला होता.

पुरुषांशी मात्र ते फटकळ. बाईचं दुखणं नवऱ्यानं सांगायला सुरुवात केली की विचारायचे, "पोट तुमचं दुखते का?" "नाई, तिचं." "मंग तुमी काऊन कन्हून राह्यले?" एखादा जास्तच चिवट निघाला तर त्याला आधार कार्डाचं झेरॉक्स आणायला बसस्टँडवरच्या दुकानात पाठवायचे. केसपेपरला झेरॉक्स लागत नाही. ते मशीन बहुतेक वेळा बंद असायचं, हेही त्यांना माहीत होतं. माणूस अर्ध्या तासानं घाम पुसत यायचा, तोवर बायकोचं सांगून झालेलं असायचं. ते झेरॉक्स बाबूजी मोठ्या गांभीर्यानं घ्यायचे, खणात ठेवायचे आणि निघताना त्याचं त्याला परत द्यायचे. "ठेवा तुमच्यापाशी. मोठ्या दवाखान्यात कामी पडन."

आता कुणाला वाटेल, घरी हा माणूस बायकोचं किती ऐकत असेल. मलाही वाटलं होतं. एकदा त्यांनी घरी चहाला नेलं. तासभर आम्ही बसलो आणि तासभर बाबूजी एकटे बोलले. सोयाबीनवर, देवळीच्या बाजारावर, माझ्या मोटरसायकलच्या आवाजावर. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. शेवटी ते पाणी भरायला मागे गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "दवाखान्यात म्हने त्याहिची लय तारीफ हाये, लोकाइचं ऐकते म्हनून. घरी तं मले बोलूच देत नाई. मी बी एक दिवस येतो तुमच्याकडं, केसपेपर काढतो."

मला ती थट्टा वाटली. पण पंधरवड्यानं त्या खरंच रांगेत उभ्या. बाबूजींनी आवाज ओळखला नाही असं शक्यच नव्हतं. लिहिता लिहिता त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्याचं दवाखान्यातल्या आयाबाईंनी पाहिलं होतं. पण खुर्ची फिरली नाही. नियम तो नियम. माझ्यासमोर आलेल्या कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'तक्रार: घरचा माणूस ऐकत नाही. किती दिवसांपासून: एकतीस वर्षं.' मी उपचाराच्या रकान्यात लिहिलं, 'पुढच्या खेपेस नवऱ्यास सोबत आणावे.' काकूंनी तो कागद घरी देवघरात लावून ठेवला, असं मला कळलं. घरी काही फरक पडला का ते मात्र कळलं नाही. पडला नसावा.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, त्या दिवसाकडे येतो. त्या दिवशी चूक माझी होती.

नर्सबाई शेजारच्या गावी लसीकरणाला गेलेल्या. मी एकटा, बाहेर गर्दी. एक बाई आली, आठवा महिना पुरा होत आलेला, दुसरं बाळंतपण. बरोबर नवरा आणि सासू. कागदावर बाबूजींनी फक्त एवढंच लिहिलेलं, 'आता काहीच होत नाही.' नेहमीचं पाल्हाळ नाही हे पाहून मला बरंच वाटलं. काही होत नाही म्हणजे काही त्रास नाही. तरी मी विचारलं. नवरा म्हणाला, "काई तरास नाई, साहेब. शक्तीच्या गोळ्या संपल्या, त्या द्या." बाईकडे पाहिलं. तिनं जमिनीकडे बघत मान हलवली. मी गोळ्या लिहिल्या, पुढच्या पेशंटला हाक मारली. पोटाला हात लावला नाही, ठोके ऐकले नाहीत. नर्सबाई परवा करतील, असं मनाशी म्हटलं.

पुढचा पेशंट बसतो न बसतो तोच बाबूजी दारात. कामाच्या वेळी ते खुर्ची सोडून कधीच येत नसत.

"ते गेली का?"

"कोण?"

"आता म्हनली ते."

"आता म्हणजे?"

"साहेब, काई होत नाई म्हनली असती तं मी बी सोडून देल्लं असतं. ते म्हनली, *आता* काईच होत नाई. मंग आधी होत होतं ना काईतरी? आठ महिन्याच्या बाईले आतून काय होत अस्ते?"

मी खुर्ची मागे सारून उठलो. गर्भ हलत नाही, हे ती मला लेखी सांगून गेली होती आणि मी त्यावर गोळ्या लिहून सही केली होती.

ती तिघं फाटकाशी मोटरसायकल चालू करत होती. परत बोलावलं. मी घाईघाईनं, सगळ्यांसमोर विचारलं, "बाळ हलतंय ना?"

"हलते ना," नवरा म्हणाला.

"कालच हललं," सासू म्हणाली.

बाईनं मान डोलावली. दोघांनी हो म्हटल्यावर ती नाही कशी म्हणणार? आणि खरं सांगू, मला त्या डोलावण्यावर विश्वास ठेवावासा वाटला. सुटलो असं वाटलं. बाबूजींना वाटलं नाही. त्यांनी नवऱ्याला झेरॉक्स आणायला धाडलं. मग सासूकडे वळले. ती नात्यानं त्यांची वहिनी, हे तिचे धाकटे दीर; तिच्याशी थट्टा चाले. "वहिनी, तुमी लय बारीक झाल्या. जा बरं आयाबाईसंग, वजन करून घ्या. मंग माह्यासंग भांडा." ती पदर तोंडाला लावून हसत गेली.

"चला," ते मला म्हणाले आणि मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले. स्वतःच्या खुर्चीशेजारी एक स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "बसा."

"बाबूजी, वेळ नाही. मला तिला तपासायचंय."

"तपासा. पन आधी ऐका. माह्या पाठीले डाक्टरी कुठी येते?"

आम्ही दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखे कॅलेंडरकडे तोंड करून बसलो. ती मागे, खिडकीपलीकडे. बाबूजी कॅलेंडरला म्हणाले, "आधी काय होत होतं?"

मागून फक्त बांगड्या वाजल्या. माझी मान वळणार, एवढ्यात त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं ते कागदाच्या कोपऱ्याला घडीवर घडी घालत होते. तेव्हा मला कळलं की या माणसालाही भीती वाटते आहे आणि तरी तो थांबू शकतो. मी कधी कुणासाठी एवढा थांबलो नव्हतो.

"लाता मारे," मागून आवाज आला. इतका वेळ ही बाई माझ्यासमोर होती, तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "जेवली का लाता मारे. सोमवारपासून नाई मारत."

त्या दिवशी गुरुवार होता.

"कोनाले सांगतलं?" बाबूजी.

"याहिले सांगतलं. झोपलं असन, म्हने." मग ती म्हणाली, "मले आंगात एकटं वाटते."

इतकी वर्षं झाली, इतके पेशंट पाहिले. एखाद्या लक्षणाचं इतकं अचूक वर्णन मी पुन्हा ऐकलेलं नाही.

पुढचं सगळं धावपळीचं. आयाबाईंना बोलावून तिला आत घेतलं, ठोके ऐकायचं यंत्र पोटावर लावलं. पहिलं मिनिटभर काहीच नाही. मग लागले. मंद, मध्येच दम खाणारे, पण होते. ॲम्ब्युलन्स दारात आली तेव्हा नवरा झेरॉक्स हातात घेऊन परतत होता. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते झेरॉक्स त्यानं माझ्याच हातात दिलं. सासू सुनेवरच उखडली, "आमाले काऊन नाई सांगतलं व तुनं?"

"सांगतलं तिनं, वहिनी," बाबूजी खिडकीच्या आतून, पाठमोरेच म्हणाले. "तीन दिवसांपासून सांगून राह्यली."

सासू सुनेच्या पायाशी गाडीत जाऊन बसली.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात मी आधीच फोन करून ठेवला होता. गाडी पोचली, तिला थेट आत नेलं, एवढं कळलं. त्यानंतर फोन गप्प. मी पेशंट पाहत राहिलो, पण प्रत्येकाची नाडी दोनदा मोजत होतो. बाबूजी जेवायला उठले नाहीत. त्यांनी लिहिलेल्या कागदांवर त्या दिवशी कुठे कुठे एकेक शब्द दोनदा लिहिला गेला होता.

साडेतीनला फोन आला. शस्त्रक्रिया झाली होती. बाळ रडलं, वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, पण धोका टळला. बाई शुद्धीवर आहे. तिथली डॉक्टर म्हणाली, "उद्यापर्यंत थांबला असतात तर..."

मी जवळजवळ पळतच केसपेपरच्या खोलीत गेलो. "बाबूजी, दोघंही वाचली!"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता विचारतील मुलगा की मुलगी. गावात तोच प्रश्न पहिला असतो. त्यांनी विचारलं, "ते काय म्हनली?"

"कोण?"

"बाई. शुद्धीवर आली ना? काय म्हनली?"

मी विचारलंच नव्हतं. ठोके विचारले, रक्तदाब विचारला, टाके विचारले. ओशाळून पुन्हा फोन लावला. पलीकडे वॉर्डातल्या सिस्टरनं उचलला. पेशंट काय म्हणते, हा प्रश्न तिला नीट कळेना. "काय म्हणणार? बरी आहे."

"तसं नाही. तिच्या तोंडून काय निघालं, ते सांगा."

"अहो, केव्हाची एकच धरून बसली आहे. भूक लागली, भूक लागली. सांगितलं, आज काही मिळणार नाही, तर ऐकत नाही. सासूला म्हणते, मले वरण-भात आनून द्या. तिची सासू इथे माझ्या डोक्यावर येऊन उभी आहे, द्या म्हणून."

मी शब्दन् शब्द बाबूजींना सांगितला. आमच्याकडची सून सगळ्यांना वाढते, सगळ्यात शेवटी बसते आणि भूक लागली हे शब्द जन्मात उच्चारत नाही. माझ्या आईच्या तोंडून मी ते कधी ऐकले नव्हते.

"सासूले म्हनली?" बाबूजींनी विचारलं.

"हो."

"सोता? तोंडावर?"

"हो, बाबूजी."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन कानावर ठेवलं आणि सकाळपासून न उघडलेला डबा पुढे ओढला.

"मंग झाली बरी," ते म्हणाले.